मोझार्टला हरवायलाच हवं का?

परवा हॉस्टेलवर आम्ही 'शेव्हॅलिए' (२०२२) पाहिला. जोसेफ बोलोन म्हणजे ग्वादलूप बेटावर गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, पॅरिस गाजवणारा व्हायोलिनवादक, संगीतकार. सिनेमात सुरुवातीलाच तो भर मैफलीत मोझार्टला हरवतो. रूममध्ये शिट्ट्या पडल्या! पण हा प्रसंग काल्पनिक आहे. खरी गोष्ट वेगळीच. १७७६ मध्ये पॅरिस ऑपेराच्या संचालकपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा काही कलावतींनी राणीकडे अर्ज केला, की मिश्रवर्णीयाचे हुकूम आम्ही पाळणार नाही. पद हुकलं. सिनेमात हेही आहे. मग मोझार्ट कशाला? काळ्या कलाकाराला पडद्यावर जागा मिळवायला आधी गोऱ्याला हरवावंच लागतं का? त्याचे व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐका. मोझार्टची आठवणसुद्धा येणार नाही.