तलवार आणि हजेरीची वही

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला लाभली, १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. मराठी विषय घेऊन एम. ए. करताना ही माहिती मी परीक्षेसाठी पाठ केली. कादंबरीतली एक गोष्ट मात्र माझ्या मनात कायमची रुतून बसली. फकिराच्या मांग घराण्याबद्दल तिथं दोन नोंदी सापडतात. पहिली म्हणजे शिवाजी महाराजांनी पूर्वजाला दिलेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली तलवार. दुसरी म्हणजे इंग्रज सरकारची हजेरी. दिवसातून तीनदा मांगांनी चावडीवर येऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. माणसं तीच, पण एका नोंदीत ती विश्वासाची ठरतात आणि दुसरीत जन्मजात चोर.

तलवारीकडे बहुतेक वाचक शौर्याची खूण म्हणून पाहतात. ते खरंच आहे, पण मला ते अपुरं वाटतं. लिहिणं-वाचणं ज्यांच्यापर्यंत पोचूच दिलं गेलं नाही, त्यांच्या घरात सनद कुठून येणार? मग आपल्या पूर्वजावर राजानं भरवसा टाकला होता, याचा पुरावा म्हणून हे हत्यारच जपायचं. शेवटी आपली माणसं सरकारनं डांबून ठेवली म्हणून फकिरा शरण येतो आणि ती तलवार साहेबाच्या स्वाधीन करतो. त्या प्रसंगात तो हत्यार टाकतोय असं मला कधीच वाटलं नाही. घराण्याचा एकुलता एक कागद तो सरकारदरबारी दाखल करतोय, असंच मी वाचत आले.

हजेरीमागचा कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमाती कायदा. मुंबई इलाख्याला तो १९११ नंतर लागू झाला. एखाद्या माणसानं काय केलं हे न बघता तो कोणाच्या पोटी जन्मला यावर त्याला गुन्हेगार ठरवण्याची सोय त्यात होती. सरकारी वहीत नाव चढलं की रात्री पाहुण्यांकडे जाणंही अपराध. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. ‘फकिरा’ छापून आली तेव्हा या सुटकेला जेमतेम सात वर्षं झाली होती. म्हणून मला ही ऐतिहासिक कादंबरी वाटत नाही. लेखक ताज्या जखमेवर लिहीत होता.

आणि पूर्वग्रह काय फक्त इंग्रजांचा? कादंबरीची सुरुवातच त्याचं उत्तर देते. जोगणीच्या यात्रेचा मान आपल्या गावाला यावा म्हणून फकिराचा बाप राणोजी शिगावहून जोगणी आणतो आणि त्यात जिवाला मुकतो. मान गावाचा, शिर मांगाचं. वेशीच्या आत ज्याला जागा नाही, त्याच्याच जिवावर वेशीच्या आतली प्रतिष्ठा उभी राहते. अण्णा भाऊ इथं भाषण करत नाहीत. ते यात्रा रंगवतात, ढोल-हलगी वाजवतात, वाचकालाही त्या मानासाठी आसुसायला लावतात, आणि मग किंमत दाखवतात. प्रतीक वापरावं तर असं.

तरी त्यांनी सवर्णांना एकाच रंगात रंगवलेलं नाही. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहतात. उपासमारीत माणसांनी कसंही करून जगावं, असं सांगणारे विष्णुपंतच आहेत. गावाची दप्तरं ज्याच्या हाती, त्या कुलकर्ण्याला वहीपलीकडचा माणूस दिसतो, ही लेखकाची निवड मला फार मोलाची वाटते.

मी बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगारांच्या घरातली. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. फकिराचा मुलूखही तोच, वारणेच्या काठचा. आज तो उसाचा पट्टा आहे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेतलेली असते, ती मुकादमाच्या वहीत मांडलेली असते आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा फिटत नाही. लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. मीही तशीच राहिले. ही वही कायद्यानं लादलेली नाही, हजेरीची आणि तिची बरोबरी मी करणार नाही. पण माझ्या मायचं नाव जिथं नेमानं लिहिलं गेलं, ती वही तिच्या कर्जाचीच होती. तिनं किती ऊस तोडला, किती मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवल्या, त्याची नोंद मात्र आमच्या घरात नाही.

नावाच्या नोंदीचा आणखी एक प्रसंग आमच्या बीडमधलाच. मार्च २०२५ मध्ये तिथं पोलिसांच्या टेबलांवर फक्त पहिलं नाव असलेल्या पाट्या आल्या. आडनावावरून जात ओळखून माणसाला जोखलं जाऊ नये म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी हे पाऊल उचललं. आमच्याकडे नवा माणूस भेटला की गाव विचारतात आणि लगेच आडनाव. उत्तर ऐकून समोरच्याचा आवाज बदलतो, हे मी वसतिगृहाच्या प्रवेशापासून एसटीच्या बाकापर्यंत अनुभवलंय. त्यामुळे या पाट्यांचं मला मनापासून स्वागत वाटतं. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला निदान पोलिसाच्या आडनावाची धास्ती नको.

फकिराची वाट मात्र याहून वेगळी होती. आपण कोण, हे त्यानं झाकलं नाही. त्याला गुन्हेगार म्हणणाऱ्या सरकारपुढे त्यानं पूर्वजांची तलवार ठेवली, म्हणजे आपलं कूळच पुढे केलं. पाटीवरून आडनाव काढल्यानं ठाण्यातलं वागणं सुधारेल. पण त्या आडनावांबद्दल चुकीचं लिहिलं गेलेलं दुरुस्त करायला दुसरं लिखाण लागतं, आणि ‘फकिरा’ हे तसं लिखाण आहे. माझ्या प्रबंधासाठी मी हाच विषय मागितला आहे. त्यात एक प्रकरण ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या कामाच्या नोंदींवर असावं, असा माझा आग्रह आहे.