हरवलेली चावी अजून चालते

“अहो, चावी हरवली होती, पण चावीवाल्याकडून लगेच नवी करून घेतली. आता चिंता मिटली.” जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांत हे वाक्य इतक्या सहज बोलले जाते की त्यात काही चुकते आहे, असे कुणाला वाटतही नाही. वास्तविक, मिटली ती फक्त गाडी चालवण्याची अडचण. हरवलेली चावी ज्याच्या हाती लागली असेल, त्याची सोय अजून तशीच आहे. कुलूप तेच, आतल्या पत्त्या त्याच. मग जुनी चावी का लागणार नाही? हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. चावी पर्ससकट चोरीला गेली असली तरी नवी करून घेतल्याच्या समाधानात गाडी रात्री पुन्हा त्याच रस्त्यावर उभी केली जाते.

चूक नेमकी कुठे होते, ते नीट पाहायला हवे. गाडीच्या चावीत दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात: धातूचे पाते आणि चिप. पाते दार उघडते, इग्निशनचे बॅरल फिरवते आणि स्टिअरिंगचे लॉक सोडवते. बॅरलच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या, कमी-जास्त उंचीच्या पितळी पत्त्या असतात. योग्य खाचांची चावी आत गेली की सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि बॅरल फिरते. एखादी पत्ती जरी वर-खाली राहिली तरी ते अडते. चावी मालकाच्या हातात आहे की चोराच्या, याची त्या पत्त्यांना काहीही खबर नसते.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली. तिच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, या सगळ्यांचा कारभार केवळ पात्यावर चालायचा. अशा गाडीची चावी चोरीला गेली तर कुलूप बदलण्यावाचून इलाज नाही. बाजारात इग्निशन, दारे आणि डिकी यांचा एकत्र लॉक सेट मिळतो. तो घ्यायचा नसेल तर कसबी चावीवाला बॅरल खोलून पत्त्यांची जुळणी बदलतो आणि त्या नव्या जुळणीबरहुकूम चावी कापून देतो. हे काम अर्धवट करून मात्र उपयोग नाही. इग्निशन बदलले आणि दार जुनेच ठेवले, तर चोर गाडीत बसणारच.

नुसत्या पात्यावर भिस्त ठेवणे किती महागात पडते, हे अमेरिकेने अलीकडेच पाहिले. ह्युंदाई आणि किया यांच्या 2011 ते 2021 या काळातल्या अनेक मॉडेलांच्या स्वस्त आवृत्त्यांत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चिप नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा, नव्हता. त्या गाड्या चोरण्याची युक्ती दाखवणारे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाटच आली. युरोपीय संघाने नव्या गाड्यांना इमोबिलायझर 1998 मध्येच सक्तीचा केला होता.

आता चिपवाली चावी. चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवलेले असते. चावी फिरवली की ते वेटोळे साधारण 125 किलोहर्ट्झचे क्षेत्र निर्माण करते, त्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ती ओळख गाडीत साठवलेल्या चाव्यांच्या यादीत असेल तरच इंजिन सुरू राहते. मारुतीच्या गाड्यांत ‘आयकॅट्स’ या नावाने आलेली यंत्रणा याच जातीची.

या यादीवरून दुसरा घोटाळा होतो. काही गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुनी यादी पुसूनच सुरुवात करावी लागते. तिथे हरवलेली चावी खरोखर बाद होते, आणि “नवी केली की जुनी मरते” हा समज बहुधा अशाच अनुभवांतून पसरत असावा. पण अनेक गाड्यांत नवी चावी यादीत नुसती भर म्हणून घातली जाते. हरवलेल्या चावीचे नाव तिथे शाबूत राहते आणि ती मुद्दाम पुसायला सांगावी लागते. हे काम स्कॅनर गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला जोडून होते आणि त्यासाठी बऱ्याचदा गाडीचा सुरक्षा-कोड लागतो. पुसताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत असाव्यात. कपाटात राहिलेली चावी यादीतून गेली तर ती पुन्हा नोंदवावी लागेल.

क्लोनची गोष्ट आणखी निराळी. चौकातले काही कारागीर गाडीच्या यादीला हात न लावता, हाताशी असलेल्या चिपची हुबेहूब नक्कल करून देतात. गाडीला मूळ चावी आणि नक्कल यांतला फरक कळत नाही. काम स्वस्तात आणि लवकर होते हे खरे, पण त्याने हरवलेल्या चावीचे काहीही वाकडे होत नाही. शिवाय पूर्वी कधी हरवलेल्याच चावीची नक्कल केलेली असेल, तर मूळ चावी यादीतून काढताच ती नक्कलही बंद पडते.

चिप बाद झाली तरी पाते उरतेच. इंजिन चालणार नाही, पण दार उघडेल, आतले सामान जाईल, स्टिअरिंग मोकळे होऊन गाडी ढकलून किंवा ओढून नेता येईल. चावी गर्दीत कुठेतरी पडली आणि तिच्यावरून गाडीचा माग लागण्यासारखे काही नव्हते, तर यादी साफ करणे पुष्कळदा पुरते. पण ती घरचा पत्ता असलेल्या कागदांसह चोरीला गेली असेल, तर कुलपेही बदलावीत. इथे काटकसर करणे सरळसरळ चुकीचे आहे.

विम्याबाबतचा समजही असाच घातक: “गाडी गेली तर विमा आहेच की!” पॉलिसीच्या प्रमाणित अटींत गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी सर्व वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली असते, आणि चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही चाव्या मागते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका ट्रकचे प्रकरण आले. चालक चावी ट्रकमध्येच ठेवून चौकशीसाठी खाली उतरला आणि ट्रक चोरीला गेला. न्यायालयाने दावा पूर्ण फेटाळू दिला नाही, पण भरपाई 75 टक्केच मिळाली. म्हणून चावी गेल्याची पोलिसांकडे नोंद करावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि कुलूप बदलल्याची पावती जपावी.

“चावी गेली की गाडीचा अख्खा कॉम्प्युटर बदलावा लागतो” हे सरसकट खरे नाही. 1990 च्या दशकातल्या काही फियाट गाड्यांना लाल मास्टर चावी असायची आणि ती हरवली तर मात्र मोठा खर्च यायचा. बहुतेक जुन्या गाड्यांत एकही चावी उरली नसली तरी दाराचे कुलूप काढून त्यावरून पाते बनवता येते आणि चिप नव्याने नोंदवता येते.

“रिमोटचा सेल संपला म्हणजे गाडी सुरू होणार नाही” हेही चूक. जुन्या गाडीत चावी खोचून फिरवली की चिप काम करते. काही जण सांगतात तसे कुलपावर टेनिसचा चेंडू दाबून दार उघडत नाही. मोबाइलवरून रिमोटचा ‘आवाज’ ऐकवूनही उघडत नाही. रिमोट रेडिओलहरी पाठवतो आणि फोनवरून जातो तो फक्त आवाज. झिजलेल्या चावीवरून केलेली नक्कल झिजलेलीच निघते, म्हणून नव्या गाडीसोबत मिळालेला चावीचा क्रमांक घरात जपून ठेवावा. पण गाडी विकताना चावीचा फोटो जाहिरातीत टाकू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी 2008 मध्ये सुमारे 195 फुटांवरून घेतलेल्या फोटोवरून चालणारी चावी बनवून दाखवली होती.

आणि “चिपवाली गाडी चोरीला जातच नाही”? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी 2005 मध्येच अशा एका चिपचे 40 बिटांचे कूट फोडले होते. तरीही चिप हा भक्कम अडथळा आहे यात शंका नाही. ज्याच्या हातात चालू चावी आहे, त्याच्यासाठी मात्र तो अडथळाच उरत नाही.

नवी चावी करायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. काम झाल्यावर गाडीच्या यादीत आता किती चाव्या आहेत, ते स्कॅनरच्या पडद्यावर दाखवायला सांगा. तुमच्या हातातल्या चाव्यांपेक्षा तो आकडा मोठा असेल, तर तिथून हलू नका.