वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट: उद्योजकांनो, रोख प्रवाह समजून घ्या

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत आपल्या समाजातील तरुण आता स्वतःचे वर्कशॉप चालवू लागले आहेत. ही अभिमानाची बाब आहे. पण हाताला काम असूनही काही वर्कशॉप बंद पडतात, हेही आम्ही पाहतो. कारण विचारले की एकच उत्तर मिळते: "पैसे अडकले."

हे गणित समजून घेऊ. समजा, एका वर्कशॉपने कंपनीला २ लाखांचे काम करून दिले. माल, मजुरी, भाडे, वीज मिळून खर्च १ लाख ७० हजार. वहीत नफा ३० हजार. पण मालवाला रोख मागतो, कामगारांना दर शनिवारी पगार द्यावा लागतो आणि कंपनीचे पैसे येतात ९० दिवसांनी. तोवर खर्चाची रक्कम सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी उचलली, तर तीन महिन्यांचे व्याज २५,५०० रुपये होते. हातात उरतात अवघे ४,५००. त्यात मोठी ऑर्डर आली, तर कर्जही मोठे. पैसा किती येणार याइतकेच तो कधी येणार, हे महत्त्वाचे. हाच रोख प्रवाह.

ज्यांच्या घरात पिढीजात भांडवल आहे, ते तीन महिने कळ काढू शकतात. आपल्यातील बहुतेकांची धंद्यातील ही पहिलीच पिढी. म्हणून कायदा माहीत हवा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. ती काम घेण्याआधीच करून ठेवावी.

तक्रार केली तर पुढचे काम जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच पैसे देण्याची तारीख ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावी आणि दर आठवड्याला येणे-देणे तारखांसह मांडावे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. पहिल्या बिलापासूनच हा चौथा भाग बाजूला पडला, तर सावकाराची पायरी चढावी लागणार नाही.