समजून घ्या : पोट भरलं, पण पोषणाचं काय? उद्योगनगरीतल्या चिमुकल्यांच्या ताटाचं गणित

पिंपरी-चिंचवड : भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण... मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबं कामासाठी या पट्ट्यात येतात. अनेकांना काम मिळतं ते कंत्राटी. कंपनीने ‘ब्रेक’ दिला की पगार थांबतो, पण खोलीचं भाडं थांबत नाही. मग कात्री लागते किराण्याला. याचा सर्वाधिक फटका बसतो घरातल्या सर्वांत लहान मुलाला.

अन्न असुरक्षितता म्हणजे उपासमारच का?
नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ती आठ प्रश्नांवरून मोजते. पहिला प्रश्न असतो, ‘पैशांअभावी अन्न पुरणार नाही, अशी काळजी वाटली का?’ दिवसभर उपाशी राहण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. म्हणजे उपासमारीच्या बऱ्याच आधी ताट बदलतं. दूध, अंडी, डाळ, फळं कमी होतात. चपाती, भात आणि चहा-बिस्कीट उरतं. पोट भरल्याने मूल रडत नाही, त्यामुळे कमतरता घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

वाढीवर काय परिणाम होतो?
गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे १००० दिवस सर्वांत महत्त्वाचे. याच काळात मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते. प्रथिनं कमी पडली तर उंची खुंटते, लोह कमी पडलं तर लक्ष देण्याची आणि शिकण्याची क्षमता मंदावते. हे नुकसान पुढे भरून काढणं फार अवघड असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातल्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया आहे. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होतं.

ताट पुरेसं आहे, हे कसं ओळखायचं?
सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात रोज आठपैकी किमान पाच गटांतले पदार्थ जायला हवेत : आईचं दूध, धान्य-कंदमुळं, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, अंडी, मांस-मासे, गाजर-भोपळा-पालेभाज्या आणि इतर फळं-भाज्या. आईचं दूध, वरण-भात, अंडं आणि शिजवलेला भोपळा एवढ्यावरही पाच गट पूर्ण होतात. चहा मात्र लहान मुलांना देऊ नये. त्यामुळे अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही.

रेशन कार्ड गावाकडे आहे, मग?
अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे ते इथल्या दुकानातूनही उचलता येतं. काही माणसं गावी असतील तर त्यांचा वाटा तिथे ठेवून आपला इथे घेता येतो. धान्याचे पैसे वाचले, तर अंडी-डाळीला जागा होते.

पालकांनी काय करावं?
- कार्ड क्रमांक किंवा आधार घेऊन जवळच्या रेशन दुकानात जा. अंगठा जुळत नसेल तर गावी केवायसी झाली आहे का, ते तपासा.
- जवळच्या अंगणवाडीत मुलाची नोंद करा. त्यासाठी रेशन कार्ड लागत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण मिळतं.
- गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर ‘पोषण ट्रॅकर’वरून ते इथे हलवून घ्या.
- दर महिन्याला वजन करा. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषणाचं लक्षण आहे. लगेच सरकारी दवाखाना गाठा.