न्हाणीतल्या आरशाची चौकट

आमच्या न्हाणीतला आरसा माझ्याच वयाचा, म्हणजे वीस वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या कडेला काळे डाग पडले व अर्धा इंच वर चढले. महिन्याभरात ताईचा साखरपुडा घरीच व्हायचा होता. पाहुणे हात धुवायला तिथेच जाणार. बाबा म्हणाले, "नवा आणू." आई म्हणाली, "काच चांगली आहे, कडा तेवढ्या झाका." मी आईची बाजू घेतली आणि काम माझ्याच गळ्यात पडले.

'आरशाचा पारा उडाला' असे आपण म्हणतो. पण आजच्या आरशात पारा नसतो. पूर्वी काचेमागे कथील व पारा यांचा थर देत. १८३५ मध्ये लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत काढली. त्या चांदीवर संरक्षणासाठी रंग असतो, पण कापलेल्या कडेला ती उघडी राहते. तिथून ओल शिरते आणि चांदी काळवंडते. म्हणजे चौकट ही नुसती शोभा नव्हे. मात्र तिने आत ओल कोंडली, तर डाग झाकण्याऐवजी वाढतील.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही पहिली चूक मी हिशेबातच केली. आरसा १८ बाय २४ इंच. चार बाजूंची बेरीज ८४. म्हणून दोन इंच रुंदीची सागवानी पट्टी बरोबर सात फूट आणली. आमच्या गल्लीतले सुतारमामा कानडीत बोलतात, मी मराठीत, आणि दोघांनाही दोन्ही कळते. (कानडीत आरशाला 'कन्नडी' म्हणतात. लहानपणी मला ते भाषेचेच नाव वाटे.) पट्टी पाहून मामा म्हणाले, "अळती तप्पैती, तम्मा." माप चुकले होते. पट्टीच्या आतल्या कडेला पाऊण इंचाची खाच पाडायची, तीत काच बसते. उरलेली सव्वा इंच पट्टी काचेच्या बाहेर राहते. तेव्हा चौकटीचे बाहेरचे माप साडेवीस बाय साडेसव्वीस, बेरीज ९४ इंच. कापण्यात जाते ते निराळे. मी आणखी दोन फूट आणली.

कोपरे ४५ अंशांत कापतात. चार कोपऱ्यांचे आठ काप; प्रत्येक काप अर्धाच अंश चुकला, तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट दिसते. समोरासमोरच्या पट्ट्या एकावर एक ठेवून लांबी अगदी सारखी करावी. सरस लावल्यावर चौकटीभोवती सुतळी आवळावी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे.

पॉलिशच्या बाबतीत मी वाद घातला. भिंतीकडची बाजू कोण पाहणार? मामांनी तीच आधी करायला लावली. लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. एकच बाजू उघडी राहिली तर पट्टी वाकते. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते, म्हणून न्हाणीत व्हार्निश बरे. खाचेतही त्याचे दोन हात दिले. काच खाचेत किंचित सैल ठेवली, काळी कड पूर्ण वाळवून तिला रंग लावला आणि चौकटीमागे चार रबरी गट्टू बसवले, म्हणजे वारा खेळतो. चिकटवायला सिलिकॉन घ्यायचे असेल तर 'न्यूट्रल' लिहिलेले घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातले आम्ल आरशाची पाठ खाते.

नंतर आणलेली दोन फूट पट्टी दुसऱ्या लाकडाची निघाली. व्हार्निश चढताच खालची बाजू इतर तिन्हींपेक्षा काळसर दिसू लागली. साखरपुड्याच्या दिवशी ताईच्या सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "खालची पट्टी मुद्दाम गडद केलीत वाटतं?"

"हो, मुद्दामच," बाबांनी सांगितले.