टर्बोचार्जर क्षमतावाढ

टर्बोचार्जर क्षमतावाढ म्हणजे मोटारीच्या इंजिनावरील मूळ टर्बोचार्जर काढून त्याजागी अधिक हवा पुरवू शकणारा टर्बोचार्जर बसवणे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या तत्त्वानुसार, बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसर ताजी हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. हवा वाढली की त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. मात्र मोठ्या, जड टर्बाइनला गती येण्यास वेळ लागतो; त्यामुळे शहरातील संथ रहदारीत अशी मोटार मूळ मोटारीपेक्षा सुस्त वाटू शकते.

उष्णता आणि उंची

दाबलेली हवा तापते. ३०° सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत नेल्यास सर्वसाधारण कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १२०° सेल्सिअसने बाहेर पडते. तापलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटून 'नॉकिंग' होते व पिस्टन फुटू शकतो. म्हणून मोठा इंटरकूलर आणि इंजिन नियंत्रण संगणकाची नवी जुळणी अनिवार्य ठरते.

ही जुळणी कोठे केली यालाही महत्त्व आहे. रायगड किनाऱ्यावरील मांडवा येथे मुंबईहून रो-रो बोटीने मोटारी उतरतात. तेथे, समुद्रसपाटीवर, इंजिनाला २ बार निरपेक्ष दाब देण्यासाठी हवा दुप्पट दाबावी लागते. तीच मोटार महाबळेश्वरला (उंची सुमारे १,३५० मीटर) गेल्यास विरळ हवेमुळे तेवढ्याच दाबासाठी हे गुणोत्तर २.३ च्या पुढे जाते. किनाऱ्यावरच कमाल वेगाने फिरवलेला टर्बोचार्जर घाटात सुरक्षित मर्यादा ओलांडू शकतो.

चाकणचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे १.५ लिटर टीएसआय इंजिन १५० पीएस शक्ती व २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादाही नेमकी २५० न्यूटन-मीटर आहे. इंजिन अधिक टॉर्क देऊ शकले तरी गिअरबॉक्सकडे तो पेलण्याची राखीव क्षमता नाही. शिवाय या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असल्याने वेगळ्या जोडणीचा टर्बोचार्जर सहज बसत नाही.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मालकाला मनाई आहे. बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर चालणाऱ्या मोटारींना स्पर्धेचे स्वतंत्र नियम लागू होतात.