‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ : हे उत्तर कुठल्या रकान्यात टाकायचं?

‘शेअर्ड डिसिजन मेकिंग’वर संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की पहिली अडचण शब्दाचीच येते. आपण त्याला ‘सहभागी निर्णयप्रक्रिया’ म्हणतो. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला हा शब्द सांगून बघा! त्याचं वाक्य ठरलेलं असतं: ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा.’ आता हा सहभाग म्हणायचा, विश्वास म्हणायचा की नाइलाज? तुमचा सगळा अभ्यास या एका प्रश्नावर उभा राहतो किंवा पडतो.

आधी संकल्पना थोडक्यात बघू. 1982 साली अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाच्या अहवालात ती ठळकपणे आली. 1997 मध्ये चार्ल्स, गाफनी आणि व्हेलन यांनी तिच्या अटी मांडल्या: किमान दोन माणसं, दोन्हीकडून माहितीची देवाणघेवाण आणि शेवटी दोघांना मान्य असलेला उपचार. 2012 मध्ये ग्लिन एल्विन आणि सहकाऱ्यांनी तिचे तीन टप्पे केले. आधी सांगायचं की इथे निवड करायची आहे, मग पर्याय समजावायचे, मग रुग्णाला काय महत्त्वाचं वाटतं ते धरून ठरवायचं.

वाचायला छान आहे. पण या मांडणीत दोन खुर्च्या, एक बंद दार आणि पुरेसा वेळ गृहीत धरलेला आहे. डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा 67 देशांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद. 48 सेकंदांत तीन टप्पे कसे बसवणार?

म्हणून बरेच विद्यार्थी ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ असा निष्कर्ष प्रस्तावातच लिहून मोकळे होतात. घाई करू नका. आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण बीडचं आहे, आणि तिथे वेळेची टंचाई हा मुद्दा बराच खाली येतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात 82,309 महिलांची माहिती घेतली, त्यांपैकी 13,861 जणींची ‘पिशवी काढलेली’ होती. म्हणजे साधारण सहातली एक. आता संशोधक म्हणून बघा. बाई दवाखान्यात स्वतःच्या पायांनी गेली, कागदावर सही किंवा अंगठा दिला. संमती आहे. प्रश्नावलीत ‘निर्णय कोणी घेतला?’ विचारलं तर ‘मीच’ असंही उत्तर येऊ शकतं. पण त्या ‘मीच’च्या मागे काय काय उभं आहे? मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस गेला तरी कापला जाणारा खाडा, फडावर ना संडास ना पाणी, आणि ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ ही भीती. औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असू शकतो, हा पर्याय समोर ठेवलाच नाही तर निवड कसली?

आणि उपाय काय झाला? खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. गरज होती, मान्य. पण माझ्या मते यातून निर्णय एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, बाईकडे आला नाही. कुणाला प्रबंधाचा विषय हवा असेल तर हा घ्या.

कायद्याची बाजूही वाचा. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये निकाल दिला. दुर्बिणीतून फक्त तपासणीसाठी भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन रुग्णाचं गर्भाशय आणि अंडाशय काढले होते. न्यायालयाने ती संमती अमान्य ठरवली. पण माहिती किती द्यायची, यावर मात्र भारतातली परिस्थिती बघून अमेरिकेइतका कडक निकष लावला नाही, ‘पुरेशी माहिती’ असा मधला मार्ग धरला. म्हणजे साधनांची टंचाई आपल्या कायद्याच्या निकषातच शिरलेली आहे. ब्रिटनने 2015 च्या माँटगोमेरी निकालात रुग्णाच्या बाजूने पुढचं पाऊल टाकलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा.

आता सणसवाडीला येऊ. पुणे-नगर रस्त्यावरचं, शिरूर तालुक्यातलं हे गाव कारखान्यांमुळे वाढलं. जवळच वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम उभं केलं, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 2002 पासून तिथल्या 22 गावांची आरोग्य आणि लोकसंख्येची नोंद सतत ठेवली जाते. त्यामुळे ‘डॉक्टरच नाहीत’ असा हा भाग नाही. टंचाई वेगळ्या गोष्टींची आहे. समजा, कंत्राटी कामगाराला रक्तदाबाची गोळी सुरू करायची आहे. डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला या. त्याच्या मनात हिशोब सुरू: खाडा पडेल, सुपरवायझर काय म्हणेल, गोळी बंद केली तर काय होईल. यातलं एक वाक्यही तो डॉक्टरांसमोर बोलत नाही. ‘बरं’ म्हणतो आणि बाहेर पडतो. खरा निर्णय खोलीवर होतो, बायकोशी किंवा गावाकडच्या भावाशी फोनवर बोलून.

मग मोजायचं काय? एसडीएम-क्यू-9 मध्ये नऊ विधानं असतात, प्रत्येकाला 0 ते 5 गुण. ‘ऑप्शन’ या पद्धतीत संभाषण ध्वनिमुद्रित करून निरीक्षक गुण देतात. दोन्ही साधनं दाराच्या आतलंच बघतात, आणि आपला कामगार दाराच्या आत ‘बरं’ एवढंच बोललाय. शिवाय भाषांतराची गंमत आहे. ‘प्रेफरन्स’चं ‘आवड’ केलं तर लोक हसतात, आजारात कसली आवड! ‘तुम्हाला काय जमेल?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. मात्र मग तुम्ही वेगळीच गोष्ट मोजताय, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. गुणांची बेरीज करण्याआधी दहाबारा जणांना विधान वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ एवढंच विचारा. उच्च गुण देणाऱ्यांना तर नक्की विचारा. डॉक्टर समोरच्या खोलीत बसलेले असताना त्यांच्याविरुद्ध कोण बोलणार?

मी तरी अभ्यासाचं एकक ‘भेट’ न ठेवता ‘निर्णय’ ठेवेन. दवाखान्याच्या दारात एकदा भेटायचं, आठवड्याने घरी, महिन्याने पुन्हा. गोळी चालू आहे का, कोणाशी बोलणं झालं, काय आड आलं. नमुना लहान होईल, मार्गदर्शक कुरकुरतील. घरी जाताना रविवार निवडू नका लगेच. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते ते आधी विचारून घ्या.